देशांतर्गत क्रिकेटची सुधारणा आणि खेळाडू-प्रशासक संघर्ष : पाकिस्तानमधील २०१९ च्या बदलाचा अभ्यास

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सांगता याव्यात :
- देशांतर्गत क्रिकेटची रचना कोणकोणती कामे करते.
- पाकिस्तानात डिपार्टमेंटचे संघ का निर्माण झाले आणि २०१९ मध्ये ते का बंद करण्यात आले.
- राष्ट्रीय संघातील ज्येष्ठ खेळाडूंनी या बदलाला विरोध का केला.
- ऑस्ट्रेलिया, बांगलादेश आणि भारत येथील परिस्थितीशी या वादाची तुलना कशी करता येते.

१. प्रस्तावना

क्रिकेटमधील वाद म्हटले की आपल्याला संघनिवड, कर्णधारपद किंवा लीगचा पैसा आठवतो. पण खेळाडू आणि प्रशासक यांच्यातील काही महत्त्वाचे संघर्ष दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसणाऱ्या क्रिकेटवरून झाले आहेत, म्हणजेच चार दिवसांच्या देशांतर्गत सामन्यांवरून. हे सामने पाहायला प्रेक्षक फारसे नसतात. मात्र राष्ट्रीय संघात येणारा जवळजवळ प्रत्येक कसोटीपटू याच मैदानांवरून पुढे येतो आणि जे राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांचा संसार याच सामन्यांवर चालतो.

सप्टेंबर २०२० मध्ये पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मिसबाह-उल-हक, कसोटी कर्णधार अझहर अली आणि ज्येष्ठ फलंदाज मोहम्मद हफीझ हे तिघे थेट पंतप्रधानांना भेटले. स्वतःचे मानधन हा या भेटीचा विषय नव्हता. आदल्या वर्षी बंद झालेले डिपार्टमेंटचे संघ पुन्हा सुरू करावेत, एवढीच त्यांची विनंती होती. पंतप्रधान होते इम्रान खान, १९९२ चा विश्वचषक जिंकणारे कर्णधार. त्यांनी ही विनंती मान्य केली नाही.

एकाच देशाचे चार नामवंत क्रिकेटपटू एकाच प्रश्नावर परस्परविरुद्ध बाजूंना का होते, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

२. देशांतर्गत क्रिकेटची दोन कामे

कोणत्याही देशातील देशांतर्गत क्रिकेट एकाच वेळी दोन कामे करत असते.

पहिले काम निवडीचे. हजारो खेळाडूंमधून आंतरराष्ट्रीय दर्जाचे अकरा जण शोधायचे असतील, तर स्पर्धा चुरशीची हवी. संघ कमी असतील तर प्रत्येक संघात चांगले खेळाडू एकवटतात आणि सामन्यांचा दर्जा वाढतो.

दुसरे काम उपजीविकेचे. एखादा मुलगा वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून शिक्षण आणि नोकरी बाजूला ठेवून क्रिकेट खेळतो, तेव्हा पस्तिशीनंतर आपले काय होणार हा प्रश्न त्याच्या घरात विचारला जातोच. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल, तर मध्यमवर्गीय आणि गरीब घरांतील मुले क्रिकेटकडे वळणे कमी होते. हे काम व्हायचे असेल तर संघ आणि जागा जास्त हव्यात, शिवाय कारकीर्द संपल्यावरही मिळकत सुरू राहायला हवी.

ही दोन कामे नेहमीच एकमेकांना पूरक नसतात. पहिल्यासाठी संघ कमी करावेसे वाटतात, दुसऱ्यासाठी वाढवावेसे वाटतात. पाकिस्तानातील वादाचे मूळ या ताणात आहे.

३. डिपार्टमेंटचे संघ कसे उभे राहिले

फाळणीपूर्वी आजच्या पाकिस्तानातील सिंध, नॉर्दर्न इंडिया आणि वायव्य सरहद्द प्रांत यांचे संघ रणजी करंडकात खेळत असत. १९३४-३५ मधील पहिल्या रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुंबईने नॉर्दर्न इंडियाला हरवले होते. फाळणीनंतर पाकिस्तानने १९५३-५४ मध्ये कायदे-आझम करंडक ही स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि पहिला करंडक बहावलपूरने जिंकला. तेव्हाचे संघ मुख्यतः शहर, प्रांत किंवा प्रदेश यांचे होते.

मात्र नव्या देशातील प्रादेशिक क्रिकेट संघटनांकडे पैसा नव्हता. १९६० च्या दशकात पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स म्हणजे पीआयए यांसारख्या संस्थांचे संघ प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये आले. पुढे अब्दुल हफीझ कारदार यांनी या प्रवाहाला धोरणाचे रूप दिले. कारदार १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून कसोटी खेळले होते आणि १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार होते. १९७० च्या दशकात ते पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. बँका आणि सरकारी महामंडळांनी क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात आणि स्वतःचे संघ उभारावेत, असा आग्रह त्यांनी धरला.

त्यातून हबीब बँक, नॅशनल बँक, पीआयए, वीज व जलविकास महामंडळ म्हणजे वापडा, सुई नॉर्दर्न गॅस पाइपलाइन्स अशा संस्थांचे संघ प्रबळ झाले. पाकिस्तानात यांनाच ‘डिपार्टमेंट’ म्हणतात. खेळाडूला दरमहा पगार आणि नोकरदाराच्या सवलती मिळत, आणि अनेकांना खेळणे थांबल्यावर त्याच संस्थेत काम करता येई. मंडळाला एक रुपयाही न खर्चता शेकडो खेळाडूंची सोय होत होती.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. चांगला खेळाडू पुढे आला की डिपार्टमेंट त्याला नोकरी देऊन घेऊन जाई आणि त्याचा मूळ प्रदेश दुबळाच राही. ही दरी किती रुंद होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण डिसेंबर १९६४ मध्ये लाहोरला दिसले. अयुब करंडकातील सामन्यात पाकिस्तान रेल्वेने ६ बाद ९१० धावांवर डाव घोषित केला आणि डेरा इस्माईल खान या संघाला ३२ आणि २७ धावांत गुंडाळले. एक डाव आणि ८५१ धावांचा हा विजय प्रथमश्रेणी क्रिकेटमधील विक्रम आहे. शिवाय एखाद्या बँकेच्या किंवा गॅस कंपनीच्या संघाला ‘आपला संघ’ मानणारे प्रेक्षक कुठून येणार? प्रेक्षक नाहीत म्हणून प्रायोजक नाहीत, आणि प्रायोजक नाहीत म्हणून प्रादेशिक संघटना कायम परावलंबी, असे हे चक्र होते.

४. २०१९ ची सुधारणा

इम्रान खान स्वतः पीआयएकडून खेळले होते, पण डिपार्टमेंटच्या संघांवर ते अनेक वर्षे टीका करत आले होते. १९८४-८५ च्या हंगामात ते न्यू साउथ वेल्सकडून ऑस्ट्रेलियाच्या शेफिल्ड शील्ड स्पर्धेत खेळले. सहा राज्ये, सहा संघ आणि प्रत्येक सामन्यात चुरस ही रचना त्यांना आदर्श वाटत असे. २०१८ मध्ये ते पंतप्रधान झाले. पाकिस्तानात पंतप्रधान हे क्रिकेट मंडळाचे आश्रयदाते असतात आणि मंडळाच्या प्रमुखपदी कोण बसणार हे प्रत्यक्षात त्यांच्याच नामनिर्देशनावर ठरते. त्यामुळे त्यांचे मत धोरण व्हायला वेळ लागला नाही. एहसान मणी अध्यक्ष झाले, वसीम खान यांच्याकडे कार्यकारी सूत्रे आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाची नवी घटना लागू झाली.

या बदलाचे मुख्य मुद्दे असे :
- २०१८-१९ च्या कायदे-आझम करंडकात १६ संघ होते, ८ प्रादेशिक आणि ८ डिपार्टमेंटचे. आता केवळ ६ संघ राहिले : बलुचिस्तान, सेंट्रल पंजाब, खैबर पख्तुनख्वा, नॉर्दर्न, सिंध आणि सदर्न पंजाब.
- डिपार्टमेंटचे संघ प्रथमश्रेणीतून बाहेर पडले. संस्थांनी संघ चालवण्याऐवजी प्रादेशिक संघांना प्रायोजकत्व द्यावे, अशी मंडळाची अपेक्षा होती.
- प्रत्येक संघटनेतील ३२, म्हणजे एकूण १९२ खेळाडूंना मंडळाकडून हंगामी करार मिळाले. सुरुवातीला सर्वांना दरमहा ५०,००० पाकिस्तानी रुपये आणि त्याशिवाय सामना मानधन असे स्वरूप होते.
- कुकाबुरा चेंडू आणण्यात आला आणि पाहुण्या संघाला हवे असल्यास नाणेफेकीशिवाय प्रथम गोलंदाजी निवडण्याची मुभा मिळाली.

क्रिकेटच्या दर्जाच्या दृष्टीने सुधारणेच्या बाजूचे युक्तिवाद कमकुवत नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये कराचीत सेंट्रल पंजाब आणि खैबर पख्तुनख्वा यांच्यातील अंतिम सामना बरोबरीत सुटला, म्हणजे दोन्ही संघांच्या एकूण धावा समान झाल्या. प्रथमश्रेणी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. करंडक दोघांना वाटून देण्यात आला. चुरस हवी होती आणि ती मिळाली.

५. खेळाडूंचा आक्षेप

खेळाडूंचा आक्षेप आधी आकड्यांत समजून घेऊ. १६ संघ म्हणजे एका वेळी मैदानावर उतरणाऱ्या १७६ जागा. ६ संघ म्हणजे ६६ जागा. २०१७ च्या जनगणनेनुसार पाकिस्तानची लोकसंख्या २० कोटींहून अधिक होती, तर ऑस्ट्रेलियाची त्या सुमारास अडीच कोटींच्या आसपास. तरीही दोन्ही देशांत अव्वल संघ सहाच. शिवाय ऑस्ट्रेलियात राज्य संघाबाहेर राहिलेला खेळाडू मजबूत क्लब क्रिकेट खेळू शकतो आणि इतर नोकरी-व्यवसायाच्या संधीही तुलनेने अधिक आहेत. पाकिस्तानने इमारतीचा वरचा मजला ऑस्ट्रेलियासारखा बांधला, पण खालचे मजले तसे नव्हते.

दुसरा मुद्दा मिळकतीच्या स्वरूपाचा. मंडळाने कराराची रक्कम वाढवली. २०२०-२१ मध्ये पाच श्रेणी ठरवण्यात आल्या. सर्वोच्च श्रेणीतील १० खेळाडूंना दरमहा १,५०,००० रुपये आणि शेवटच्या श्रेणीतील २४ खेळाडूंना ४०,००० रुपये मिळू लागले. आकडा पाहता हे वाईट नव्हते. पण करार एका हंगामाचा होता. दुखापत झाली, धावा आटल्या, निवड समिती बदलली की पुढच्या वर्षी नाव यादीत असेलच असे नाही. डिपार्टमेंटची नोकरी मात्र बहुतेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे टिकणारी होती. रक्कम कदाचित तीच किंवा जास्त, पण शाश्वती गेली. मंडळ रकमेकडे बोट दाखवत होते आणि खेळाडू शाश्वतीबद्दल बोलत होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, म्हणूनच संवाद पुढे सरकत नव्हता.

तिसरा मुद्दा मैदानाबाहेरच्या माणसांचा. संघ बंद झाला की खेळाडूंबरोबर प्रशिक्षक, फिजिओ, मैदानाची देखभाल करणारे यांचेही काम जाते. बदलानंतर पहिल्याच हंगामात एक प्रथमश्रेणी क्रिकेटपटू भाड्याने पिकअप चालवत असल्याची चित्रफीत पाकिस्तानात सर्वत्र फिरली आणि आकड्यांत अडकलेल्या चर्चेला माणसाचा चेहरा मिळाला. त्यानंतर २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि नोकऱ्यांचा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. काही संस्थांनी २०१९ च्या आधीच खर्चाचे कारण देऊन आपले संघ बंद करायला सुरुवात केली होती. म्हणजे जुनी व्यवस्था आधीच खिळखिळी झाली होती. सगळा दोष सुधारणेवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

६. सप्टेंबर २०२० ची भेट आणि संवादाच्या वाटेचा प्रश्न

मिसबाह आणि हफीझ दोघेही दीर्घकाळ सुई नॉर्दर्न गॅसच्या संघाकडून खेळले होते. मिसबाह यांचे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील खरे यश तिशी उलटल्यानंतरचे. तोपर्यंतची वर्षे ते टिकून राहिले ते देशांतर्गत क्रिकेटच्या आधारावर. अशा खेळाडूला डिपार्टमेंटचे महत्त्व वाटणे स्वाभाविक होते. उलट इम्रान खान तरुण वयातच आंतरराष्ट्रीय कीर्तीला पोहोचले आणि इंग्लिश कौंटी क्रिकेट दीर्घकाळ खेळले. प्रत्येकाच्या मतामागे त्याचा स्वतःचा प्रवास उभा होता.

भेटीला मंडळाचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारीही हजर होते. नवी रचना रुळायला वेळ द्यावा लागेल, डिपार्टमेंट परत येणार नाहीत, अशी भूमिका पंतप्रधानांनी कायम ठेवली. मंडळाचे करारबद्ध कर्णधार आणि प्रशिक्षक मंडळाला डावलून देशाच्या प्रमुखाकडे गेले, याबद्दल मंडळ नाराज असल्याच्या बातम्या त्या काळात प्रसिद्ध झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये अझहर अली यांच्या जागी बाबर आझम यांची कसोटी कर्णधारपदी नेमणूक झाली. या दोन घटनांचा संबंध त्या वेळी अनेकांनी जोडला. मात्र कर्णधार बदलण्यामागे इतरही कारणे असतात. एकामागून एक घडलेल्या घटना म्हणजे कारण आणि परिणाम असे समजण्याची घाई अभ्यासकाने करू नये.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : हे तिघे पंतप्रधानांकडेच का गेले? कारण मंडळाशी समान पातळीवर वाटाघाटी करू शकेल अशी मान्यताप्राप्त आणि प्रभावी खेळाडू संघटना पाकिस्तानात नव्हती. जे शेकडो खेळाडू बाहेर फेकले गेले त्यांचे प्रतिनिधित्व कोणीच करत नव्हते, म्हणून राष्ट्रीय संघातील मोठी नावे त्यांच्या वतीने बोलली. आणि ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार होता त्याच्याशी बोलली.

७. पुढे काय झाले

एप्रिल २०२२ मध्ये अविश्वास ठरावामुळे इम्रान खान यांचे सरकार पडले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने मंडळाचे अध्यक्ष रमीझ राजा यांना दूर करून नजम सेठी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. २०१९ ची घटना रद्द होऊन २०१४ ची घटना परत आली. २०२३-२४ च्या हंगामात सहा संघांची रचना इतिहासजमा झाली, प्रादेशिक संघांची फेरमांडणी झाली आणि डिपार्टमेंटच्या संघांसाठी प्रेसिडेंट्स ट्रॉफी ही वेगळी प्रथमश्रेणी स्पर्धा पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये आणखी एक बदल आला : पाच नवे संघ आणि त्यांच्यासाठी पाच मार्गदर्शक, त्यांत मिसबाह-उल-हक हेही एक.

खेळाडूंची मागणी अखेर मान्य झाली असे वरवर दिसते. पण ती चर्चेतून मान्य झाली नाही, सरकार बदलल्यामुळे झाली. जी सुधारणा एका माणसाच्या अधिकारावर उभी राहते, ती त्याच्याबरोबर जाते. सहा संघांची रचना चांगली होती की वाईट हे ठरवायला लागणारा दहा-पंधरा वर्षांचा काळ तिला मिळालाच नाही.

८. तुलना : ऑस्ट्रेलिया आणि बांगलादेश

पाकिस्तानने ज्या ऑस्ट्रेलियाचा आदर्श घेतला, तेथेही २०१७ मध्ये असाच संघर्ष झाला होता. तेथे सुमारे दोन दशके खेळाडूंना मंडळाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा मिळत होता. नव्या करारात राज्य पातळीवरील खेळाडूंना या वाट्यातून वगळावे असा मंडळाचा प्रस्ताव होता. राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी तो नाकारला. ३० जून २०१७ रोजी जुना करार संपला आणि सुमारे २३० खेळाडू कराराविना राहिले. ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा होऊ शकला नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तोडगा निघाला आणि उत्पन्नातील वाटा सर्वांसाठी कायम राहिला. येथे खेळाडूंच्या वतीने त्यांची संघटना बोलत होती. वाद कडवट झाला, पण एका लेखी करारावर येऊन थांबला.

बांगलादेशात २१ ऑक्टोबर २०१९ रोजी शाकिब अल हसन यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी अकरा मागण्या मांडून खेळणे थांबवले. प्रथमश्रेणी सामन्याचे मानधन १ लाख टका करावे, ढाका प्रीमियर लीगमध्ये खेळाडूंना आपला क्लब निवडण्याचे स्वातंत्र्य परत द्यावे, अशा बहुतेक मागण्या देशांतर्गत क्रिकेटविषयी होत्या. त्यांच्या स्वतःच्याच खेळाडू संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी राजीनामा द्यावा, हीही एक मागणी होती. संघटना असूनही ती आपली वाटत नसेल तर तिचा उपयोग नाही, हे यातून दिसते. भारताचा दौरा तोंडावर असल्याने मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या आणि २३ ऑक्टोबरला संप मिटला.

९. भारतातील परिस्थिती

भारतात हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला गेला. येथेही कंपन्या, बँका आणि रेल्वेने क्रिकेटपटूंना नोकऱ्या दिल्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. मुंबईतील टाइम्स शील्ड ही कार्यालयीन संघांची स्पर्धा एके काळी रणजीच्या तोडीची मानली जाई. पण रणजी करंडकात हे खेळाडू मुंबईकडूनच खेळत. महेंद्रसिंह धोनी खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस होते, तरी रणजी खेळले ते बिहारकडून. नोकरी एका संस्थेची आणि स्पर्धेतील संघ राज्याचा, अशी ही विभागणी होती. त्यामुळे उपजीविकेचे काम आणि निवडीचे काम एकमेकांच्या आड आले नाही.

याला अपवाद रेल्वे आणि सेनादल यांचा. हे दोन्ही संघ स्वतंत्रपणे रणजी खेळतात आणि रेल्वेने २००१-०२ व २००४-०५ मध्ये करंडकही जिंकला. महिला क्रिकेटमध्ये तर रेल्वेचे योगदान फार मोठे आहे. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली येण्याआधी आणि नंतरही अनेक खेळाडूंना आधार मिळाला तो रेल्वेच्या नोकरीचा. मिताली राजही रेल्वेकडूनच खेळल्या. लोढा समितीने रेल्वे, सेनादल आणि विद्यापीठे यांचा मताधिकार काढावा अशी शिफारस केली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पूर्ण सदस्यत्व कायम ठेवले. प्रदेश मोठा की संस्था मोठी, हा पाकिस्तानातील प्रश्न आपल्याकडे असा न्यायालयात चर्चिला गेला.

मात्र एका बाबतीत भारताची स्थिती पाकिस्तानहून फार वेगळी नाही. लोढा सुधारणांनंतर २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंसाठी आहे. सध्या रणजी खेळणाऱ्या खेळाडूची स्वतःची वाटाघाटी करणारी संघटना नाही.

१०. सारांश

- देशांतर्गत क्रिकेट खेळाडू निवडते आणि खेळाडू जगवतेही. एकाच कामाचा विचार करून केलेली सुधारणा दुसऱ्या कामाच्या ठिकाणी तुटते.
- पाकिस्तानात दोन्ही बाजूंचे मुद्दे सबळ होते. प्रशासकांना स्पर्धेचा दर्जा हवा होता, खेळाडूंना मिळकतीची शाश्वती.
- दुसऱ्या देशाची रचना उचलताना तिच्या खालचे क्लब क्रिकेट, रोजगाराची स्थिती आणि खेळाडूंची संघटना यांचाही विचार करावा लागतो.
- संवादाची मान्य वाट नसेल तर वाद व्यक्तींचा आणि राजकारणाचा होतो, आणि निर्णय सरकारांबरोबर बदलत राहतात.

स्वाध्याय

१. डिपार्टमेंटच्या संघांमुळे पाकिस्तानच्या क्रिकेटला झालेले फायदे आणि तोटे प्रत्येकी तीन मुद्द्यांत लिहा.
२. ‘रक्कम वाढली, पण शाश्वती गेली’ हे विधान २०१९ नंतरच्या करारांच्या संदर्भात स्पष्ट करा.
३. २०१७ चा ऑस्ट्रेलियातील वाद आणि २०२० चा पाकिस्तानातील वाद यांत खेळाडूंच्या संघटनेमुळे कोणता फरक पडला?
४. तुमच्या राज्यातील रणजी संघात नसलेल्या, पण जिल्हा किंवा क्लब पातळीवर नियमित खेळणाऱ्या एखाद्या क्रिकेटपटूशी बोला. त्याच्या वर्षभराच्या मिळकतीचे मार्ग कोणते आहेत याची नाव न लिहिता नोंद करा आणि वर्गात चर्चा करा.